खाऱ्या वाऱ्यांतील घर

घर पाहावें बांधून, असें वडीलधाऱ्या मंडळींनीं म्हणून ठेवलें आहे. समुद्रकांठच्या गृहस्थास या म्हणीचा अर्थ दोनदां कळतो: एकदां घर बांधतांना, आणि पुन्हा, कांहीं वर्षांनीं स्लॅबचा पहिला पोपडा खालीं पडतो तेव्हां. पालघर तालुक्यांतील एडवण हें आशापुरी देवीचें गांव अशाच किनाऱ्यावर वसलें आहे. कौलारू घर उतरवून स्लॅबचें बांधावें, ही किनाऱ्यावर आज अनेकांची इच्छा असते, आणि तींत गैर कांहीं नाहीं. दर पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळण्याची दगदग कोणास हवी आहे? प्रश्न एवढाच कीं, जन्माची पुंजी ज्या घरांत घालावयाची, तें घर खारा वारा किती काळ सोसणार?

जुनें पक्कें बांधकाम चुन्याचें असे. चुनखडी किंवा शिंपले भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून भिंतींत बसविला कीं हवेंतील तोच वायु परत घेऊन हळूहळू दगडासारखा होतो. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली तर तो ओलाव्यांतही घट्ट धरतो. चिमाजी अप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं घेतलेल्या वसईच्या किल्ल्याचे तट अद्याप उभे आहेत. मग आजचा स्लॅब इतक्या लवकर कां खचावा? कारण हें कीं, तटाच्या पोटांत सळ्या नाहींत.

काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून त्यांत लोखंड घालावें लागतें. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मामुळें सळईवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो, व तो आहे तोंवर गंज चढत नाहीं. परंतु वाऱ्यांतील मीठ बारीक छिद्रांतून आंत पोंचलें कीं पापुद्रा फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्याच्या रेट्यानें काँक्रीट तडकतें, आणि त्या तडींतून आणखी मीठ, आणखी पाणी आंत जातें. पोपडा पडणें हा रोगाचा आरंभ नव्हे; तें उशिरां दिसलेलें लक्षण होय. वरून गिलावा करणें म्हणजे गळूं न कापतां लेप देणें.

संशोधकांनीं काढलेला उपाय सुरखीच्याच वाटेनें जातो. याच किनाऱ्यावर उत्तरेस डहाणूला १९९५ सालीं ५०० मेगावॉटचें कोळशाचें वीजकेंद्र सुरू झालें. अशा केंद्रांच्या धुरांतून वेगळी काढलेली बारीक राख सिमेंटांत मिसळतात. सिमेंट व पाणी यांचा संयोग होतांना थोडा चुना मोकळा होतो. राखेंतील सिलिका त्यास बांधून घेते, छिद्रें बुजतात आणि मिठाची वाट अरुंद होते. भारतीय मानकानें अशा सिमेंटांत १५ ते ३५ टक्के राख मान्य केली आहे. शिवाय क्लिंकर भाजतांना टनामागें पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. राख घातली तितकें क्लिंकर वांचतें. पुढें कोळसा घटला तर राखही घटेल, म्हणून भाजलेली चिकणमाती व चुनखडी यांचें नवें सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा व भारत येथील शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें; त्याचें भारतीय मानक २०२३ सालीं निघालें.

तथापि राख ही जादू नव्हे. तिचें काम सावकाश चालतें. म्हणून सन २००० च्या भारतीय काँक्रीट संहितेनें साध्या सिमेंटास निदान सात दिवस, तर मिश्र सिमेंटास निदान दहा दिवस पाणी मारावयास सांगितलें. तिनेंच सौम्य हवेंत सळईवर २० मिलिमीटर, तर तीव्र हवेंत ४५ मिलिमीटर काँक्रीटचें कव्हर सांगितलें. समुद्राची वाळू आणि विहिरीचें खारट पाणी वापरल्यास शत्रूस आपणच घरांत घेतल्यासारखें होतें.

जुन्या घराची रुंद वळचण आणि पडवीही निरुपयोगी ठरलेली नाहीं; पावसाची झड भिंतीपासून दूर ठेवण्याचें काम ती स्लॅबच्या घरालाही करील. दोन दिवसांचें पाणी आणि दोन बोटें काँक्रीट वांचविणारा गृहस्थ ती बचत मुलांच्या नांवावर कर्ज म्हणून लिहून ठेवीत असतो.