जुनं विमान घेताय? आधी हे गैरसमज काढा

चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून पूर्वेकडे उड्डाण केलं की नाकासमोर करमाड येतं. मध्ये शेंद्र्याचे कारखाने, खाली जालना रोड आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग. घरच्या सिम्युलेटरवर कोणतंही नवं विमान घेतलं की मी ते आधी याच वाटेने आणतो. पायपर कबसारखं ताशी ७५ मैलांनी जाणारं विमान ही वाट सात-आठ मिनिटांत कापतं. तेवढ्या वेळात त्या विमानाचा स्वभाव कळतो.

आमच्या भागातली पोरं हल्ली विचारतात, "दादा, एखादं जुनं क्लासिक विमान घ्यायचंय, कोणतं घेऊ?" सिम्युलेटरसोबत काही विमानं येतातच, बाकीची अॅड-ऑन म्हणून वेगळी घ्यावी लागतात. टायगर मॉथ, कब, चिपमंक, जुनी सेसना अशी यादी मोठी आहे. पोरं मात्र उत्तर ऐकण्याआधीच चार-पाच चुकीच्या समजुती मनात धरून आलेली असतात, आणि साठवलेले पैसे त्यातच जातात.

"जुनं आणि छोटं, म्हणजे सोपं."

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. यांतल्या बहुतेक विमानांना नाकाखाली चाक नसतं. दोन मोठी चाकं पुढे आणि एक बारकं चाक शेपटीखाली. अशा विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे पडतं. धावताना ते जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. नाकाखाली चाक असलेलं सेसना १७२ अशा वेळी आपोआप सरळ होऊ पाहतं. कब तसं होत नाही. शिवाय जमिनीवर असताना नाक वर असतं, त्यामुळे समोरची धावपट्टी दिसतच नाही. नागमोडी चालत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून डोकावत पुढे जावं लागतं. मूळच्या टायगर मॉथला तर ब्रेकही नव्हते, आणि शेपटीखाली चाकाऐवजी नुसती घसरपट्टी होती.

इथेच अॅड-ऑनची पहिली परीक्षा घेता येते. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकला आणि नाक कुठे वळतं ते पाहा. कॉन्टिनेंटल, लायकॉमिंग या अमेरिकी इंजिनांचा पंखा कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय दाबावा लागतो. टायगर मॉथ आणि चिपमंक यांच्या ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा उलटा फिरतो. नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय लागतो. एखाद्या अॅड-ऑनमधलं टायगर मॉथ डावीकडे वळत असेल, तर बनवणाऱ्याने विमान समजून न घेता नुसता रंग दिलाय असं खुशाल समजा. नाक कुठेच वळत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये रडरची मदत चालू राहिलेली नाही ना ते तपासा.

यासाठी पायाची पेडल असतील तर उत्तम. नसतील तर दांडा पिळून रडर चालवता येईल अशी जॉयस्टिक तरी हवीच. नुसत्या कीबोर्डवर शेपटीच्या चाकाचं विमान उतरवायला जाऊ नका, उगाच हिरमोड होईल. अगदी नवखे असाल तर सेसना १५२ किंवा १७२ वर हात बसवा आणि मगच कबकडे वळा.

"महाग तेवढं अस्सल."

जाहिरातीत दिसतो तो रंग, घासलेलं चामडं, काचेवरचे ओरखडे. या गोष्टी मलाही आवडतात. पण विमान खरं आहे की नाही हे त्याच्या वागण्यावरून ठरतं, आणि ते ओळखायला आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा फार उपयोगी पडतो.

चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. ठरलेल्या मानकाप्रमाणे एवढ्या उंचीवर तापमान ११ अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४० वर असतो, म्हणजे २९ अंशांचा फरक. दर अंशाला साधारण १२० फूट असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. त्याने सुमारे ३५०० फूट वाढतात. मूळचे १९०० धरले तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ५४०० फुटांवर गेली! याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर उतरतो, पंखा कमी हवा ढकलतो आणि पंखांची उचलही घटते. ६५ अश्वशक्तीच्या कबमध्ये दोन माणसं बसवून अशा दुपारी उडालात तर चढताना ते अक्षरशः धापा टाकायला हवं.

म्हणून दुसरी परीक्षा अशी. जुहूची जानेवारीतली सकाळ लावा आणि उड्डाणाआधी विमान किती धावलं ते मोजा. मग त्याच वजनाने चिकलठाण्याची मे महिन्यातली दुपार लावा. दोन्हीकडे अंतर जवळपास सारखंच आलं, तर त्या अॅड-ऑनला हवाच कळत नाही. मग किंमत कितीही असो.

तिसरी परीक्षा पावसाळ्यातली. कार्बोरेटरमध्ये बर्फ फक्त हिमालयात धरतो असं अनेकांना वाटतं. खरं तर कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि त्याच वेळी पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे आतलं तापमान वीसेक अंशांनीही उतरू शकतं. श्रावणातल्या २४-२५ अंशांच्या दमट हवेत, थ्रॉटल कमी ठेवून खाली येताना, आत बर्फ सहज धरतो. चांगल्या अॅड-ऑनमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू उतरताना दिसतात. कार्बोरेटर हीटचा खटका ओढला की ते आधी आणखी पडतात, इंजिन थोडं खडखडतं आणि बर्फ वितळल्यावर फेरे पुन्हा चढतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो होतो.

अशी मेहनत घेणारे निर्माते आहेत. ए-टू-ए सिम्युलेशन्सचं पायपर कोमांची २५० इंजिनाची झीज पुढच्या उड्डाणापर्यंत लक्षात ठेवतं. इंजिन गरम होऊ न देता रेटलंत तर त्याची किंमत नंतर मोजावी लागते. अशा विमानाला पैसे द्यायला माझी हरकत नाही. पण फुकटात काहीच चांगलं मिळत नाही, हेही खरं नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या फ्लाइट सिम्युलेटरच्या ४० वर्षांनिमित्त राइट बंधूंचं १९०३ चं विमान, कर्टिस जेनी, डीसी-३, बीव्हर अशी विमानं सिम्युलेटर असलेल्यांना मोफत दिली. आणि फ्लाइटगिअर हा अख्खा सिम्युलेटरच मोफत आहे. त्यातलं सेसना १७२ पी इतकं मन लावून केलंय की उड्डाणाआधी भोवती फिरून त्याची तपासणी करता येते.

"भारी कॉम्प्युटर असल्याशिवाय काही होत नाही."

नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि बरंचसं भूदृश्य इंटरनेटवरून येत असल्याने जोडणीही चांगली हवी, हे खरं. पण जमीन धूसर दिसली म्हणून विमानाचं वागणं बिघडत नाही. साध्या मशीनवर फ्लाइटगिअर चालवून पाहा. एक्स-प्लेन या सिम्युलेटरची चाचणी आवृत्तीही फुकट मिळते. आपल्या मशीनला झेपतं का ते पैसे देण्याआधी कळतं.

"एकदा घेतलं की कुठेही चालतं."

नाही चालत. एक्स-प्लेनसाठी घेतलेलं विमान मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीतली बरीच विमानं २०२४ मध्ये चालतात, पण सगळी नाहीत. विमान कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि पैसे परत मिळण्याच्या अटी काय आहेत, या दोन ओळी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

"क्लासिक म्हणजे परदेशी. आपलं त्यात काय?"

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त लागतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते द हॅविलँड पस मॉथ या हलक्या विमानातून. एक इंजिन, बंद केबिन. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं फिरवून आडवी केली की तीच हवेत ब्रेकसारखी वापरता येत. ५० वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला.

कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं, आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. एकामागे एक दोन आसनं, खाली पंख, शेपटीला चाक, १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. १९५८ मध्ये त्याच कारखान्याचं पुष्पक उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पोचलं. कितीतरी भारतीय वैमानिकांनी पहिले धडे या दोन विमानांवर गिरवले. क्लासिक म्हणायला आणखी काय हवं?

ही विमानं तुमच्या सिम्युलेटरसाठी चांगल्या दर्जाची मिळाली तर जरूर घ्या. न मिळाल्यास त्यांच्या जवळची विमानं घ्या. पुष्पकचा आराखडा अमेरिकेच्या एरोंका चीफवर बेतलेला होता, तेव्हा एरोंकाचं कुठलंही हलकं विमान किंवा कब चालेल. एचटी-२ ची चव चिपमंकमध्ये बरीचशी मिळते: तीच मांडणी, जवळपास तेवढाच जोर. आणि ही विमानं घेतलीत की पडद्यावरचा जीपीएस बंद ठेवा. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ पुरे. लोहमार्ग धरून चिकलठाणा, करमाड, बदनापूर, जालना अशी स्टेशनं ओळखत जा. एकदा तसं गेलात की रोजचा जालना रोडही वेगळा दिसतो.

"सिम्युलेटरवरचे तास लायसन्ससाठी धरतात."

धरत नाहीत. घरी केलेलं एकही उड्डाण डीजीसीए लायसन्सच्या तासांत मोजत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत खऱ्या विमानावर उडावं लागतं. घरच्या सरावाने उपकरणं वाचायची आणि कामाचा क्रम पाळायची सवय लागते. ती उपयोगाची आहे, पण तेवढीच.

म्हणून पैसे काढायची घाई करू नका. फ्लाइटगिअरमध्ये पायपर कब फुकट आहे. ते चिकलठाण्याहून करमाडपर्यंत आणा, गावावरून एक फेरी मारा आणि परत नेऊन धावपट्टीच्या मधल्या रेषेवर सरळ उतरवा. सलग दहा वेळा ते न फिरता थांबलं, की मग हवं ते विमान विकत घ्या.