पुढच्याने घेतलं, मागच्याला काय उरलं? : तरंगत्या पवनचक्क्यांचा एकत्रित कंट्रोल

काष्टीकडच्या शेतकऱ्याला 'हेड' आणि 'टेल' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आवर्तन सुटलं की कालव्याच्या वरच्या अंगाला किती पाणी उचललं, त्यावर खालच्याचा ऊस ठरतो. वाऱ्याचं तसंच आहे. पारनेरच्या कवड्या डोंगरावर असो की समुद्रात, पुढच्या टर्बाइनने ऊर्जा काढून घेतली की मागे मंदावलेली, ढवळलेली हवा उरते. तिला 'वेक' म्हणतात.

आता कागद-पेन घ्या. टर्बाइनपाशी वाऱ्याचा वेग जेवढ्या हिश्श्याने कमी होतो त्याला 'घट' म्हणू. मिळणारी ऊर्जा = ४ × घट × (१ − घट)². घट १/३ ठेवली तर उत्तर ०.५९३, हीच बेट्झची मर्यादा. पण वेकमध्ये वेग दुप्पट घटतो, म्हणजे मागच्याला १/३ वारा उरतो. ऊर्जा वेगाच्या घनावर चालते, त्यामुळे त्याच्या हाती जेमतेम ०.०२२. बेरीज ०.६१५. आता पुढच्याची घट ०.२ करा. तो ०.५१२ वर येतो, मागचा ०.१२८ वर जातो, बेरीज ०.६४०. पुढच्याने थोडं सोडलं आणि दोघांचं मिळून ४ टक्के वाढलं! एकत्रित कंट्रोलची सगळी आशा या हिशोबात आहे.

प्रत्यक्षात आजूबाजूची हवा वेकमध्ये मिसळते, म्हणून हा फायदा बराच आटतो. त्यामुळे दुसरा उपाय जास्त चर्चेत आहे: पुढचं टर्बाइन वाऱ्याला थोडं तिरकं धरायचं आणि वेक बाजूला ढकलायचा.

जमिनीवर हे ठीक. पण २०१७ साली स्कॉटलंडजवळ सुरू झालेल्या हायविंडसारख्या फार्ममध्ये (६ मेगावॅटची ५ टर्बाइन्स) खांब तरंगतात, साखळ्यांनी तळाशी बांधलेले असतात. इथे न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो. तिरकं टर्बाइन हवेला डावीकडे ढकलत असेल, तर हवा त्याला उजवीकडे ढकलते. साखळ्या सैल असतील तर अख्खा प्लॅटफॉर्म उजवीकडे सरकतो आणि वेकही त्याच्यासोबत. म्हणजे कमावलेलं विचलन काही अंशी परत जातं. साखळ्या ताणल्या तर सरकणं थांबतं, पण त्यांच्यावरचा भार वाढतो. मला या विषयातली सगळ्यात सुंदर अडचण हीच वाटते, कारण ती फक्त कंट्रोलरची राहत नाही, साखळीच्या डिझाइनचीही होते.

आणखी एक सापळा वेळेचा. जोरदार वाऱ्यात ऊर्जा स्थिर ठेवायला कंट्रोलर पाती फिरवतो. प्लॅटफॉर्म पुढे झुकला की टर्बाइनला वारा वाढल्यासारखा भासतो, पाती वळतात, वाऱ्याचा रेटा कमी होतो आणि प्लॅटफॉर्म आणखी पुढे झुकतो. झोका थांबवायच्या ऐवजी आपणच त्याला हात देतो. म्हणून कंट्रोलर प्लॅटफॉर्मच्या झोक्यापेक्षा संथ ठेवतात. अशा तरंगत्या खांबाचा एक झोका साधारण ३० सेकंदांचा, मागेपुढे सरकण्याची एक फेरी १०० सेकंदांच्या पुढची. आणि १० मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला १ किलोमीटर मागच्या टर्बाइनपर्यंत जायला? तेही १०० सेकंद. आकडे इतके जवळ असल्यावर फार्मच्या कंट्रोलरने दर मिनिट-दीड मिनिटाला हुकूम सोडले तर काय होईल, विचार करा.

पीएचडीसाठी विषय शोधताय? अमेरिकेच्या तेव्हाच्या एनआरईएलमध्ये तयार झालेलं 'फ्लोरिस' फुकट आहे. दोन टर्बाइन्स घ्या, पुढचं २० अंश तिरकं करा, मग हातानेच त्याची जागा उलट बाजूला १०, २०, ३० मीटर सरकवून मागच्याची ऊर्जा पुन्हा काढा. झोके आणि साखळ्यांचा ताण हवा असेल तर 'फास्ट-फार्म' लागेल. त्याला वेळ लागतो, चांगला संगणक मिळवा.