टाकीची चकाकी आणि छातीचा दम

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन रंगकामे जोरात सुरू होतात. एक विहाराचे आणि दुसरे पोरांच्या गाड्यांचे. १४ तारखेच्या मिरवणुकीत गाडी निळीच पाहिजे, टाकीवर ‘जय भीम’ लांबून वाचता आले पाहिजे, आणि वरून अशी चकाकी पाहिजे की विहारावरच्या माळा त्यात दिसाव्यात. पूर्वी हे काम गॅरेजवाल्याकडे जायचे. आता छोटा कॉम्प्रेसर कोणाकडून तरी मागून आणता येतो, स्प्रे गन मिळते, आणि मोबाईलवर बघून गल्लीतच हात मारला जातो.

या हौसेला आमचा विरोध नाही. पॉलिश पेपर घासून, पुट्टी भरून, मास्किंग टेप लावून सुबक अक्षर काढणारा मुलगा आम्हाला मोबाईलवर पत्ते खेळणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. यातूनच कित्येकांना धंदाही सापडला आहे. आमची तक्रार शेवटच्या थराबद्दल आहे. रंगावर जो पारदर्शक थर मारतात, ज्याला कोणी क्लिअर म्हणतात, कोणी लॅकर, कोणी पीयू, त्या थराबद्दल.

आमच्या शेजारच्या एका मुलाची हकिकत सांगतो. वय बावीस. गेल्या वर्षी जयंतीच्या आधी त्याने स्वतःची टाकी केली, मग मित्रांच्या तीन केल्या. तोंडाला ओला रुमाल बांधून, घराच्या मागच्या बोळात. त्या आठवड्यात त्याला रात्री खोकला सुटायचा, छाती आवळल्यासारखी व्हायची. घरच्यांना वाटले, उन्हातून येऊन फ्रीजचे पाणी पितो म्हणून. औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या बाटल्या आणल्या. पावसाळ्यात बरे वाटले. दिवाळीला पुन्हा एक टाकी मारली आणि त्या रात्री त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारले, “काम काय करतोस? काय हुंगलेस?” तोपर्यंत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आता तो पंप घेतो. गल्लीच्या तोंडाशी कोणी क्लिअर मारत असेल तर त्याला वळसा घालून घरी यावे लागते.

त्या डब्यांत असते काय? पीयू क्लिअरचे दोन डबे येतात, म्हणून त्याला टू-के असेही म्हणतात. मोठ्या डब्यात राळ आणि छोट्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रसायनांची साखळी जुळते आणि थर दगडासारखा कडक होतो. म्हणूनच त्यावर पेट्रोल सांडले तरी चकाकी जात नाही. हा कडकपणा हार्डनरमधल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनामुळे येतो.

हे नाव आपण ऐकलेले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट. तो आपल्या डब्यात नसतो, हे स्पष्ट सांगतो, उगाच घाबरवायचे नाही. तो झटकन वायू होणारा पदार्थ होता. गाडीच्या हार्डनरमधला भाऊबंद जड असतो, डबा नुसता उघडला तर त्यातला फारसा हवेत येत नाही. पण गनमधून फवारला की त्याचे धुके होते. त्या धुक्याचे कण इतके बारीक असतात की साध्या उजेडात दिसतही नाहीत, आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोल जातात.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा यंत्रणेने सांगितले आहे की गाड्यांना टू-के रंग फवारणाऱ्या कारागिरांना दमा होण्याचा धोका तिथल्या सर्वसाधारण कामगारांच्या सुमारे ८० पट असतो. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करायच्या व्यावसायिक रोगांची जी यादी होती, तिच्यात आयसोसायनेटची विषबाधा होती. म्हणजे मोठ्या कारखान्यात कोणाला हा त्रास झाला तर त्याची नोंद करणे भाग होते. बोळात ओला रुमाल बांधून टाकी मारणाऱ्या आपल्या पोराची नोंद कोण करणार?

हे रसायन घात कसा करते, तेही समजून घ्यावे. पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. दहा टाक्या मारून होतात, पोरगा म्हणतो, “मला तर काही झालं नाही.” पण आत शरीर त्याची ओळख पटवून घेत असते, आणि एके दिवशी ते बिथरते. एकदा बिथरले की पुढे अगदी थोडेसे धुकेही पुरते. काहींना लगेच त्रास होत नाही, तो संध्याकाळी किंवा मध्यरात्री होतो, म्हणून दुपारच्या कामाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. त्वचेवर सांडलेले हार्डनरही शरीराला बिथरवू शकते. आणि नाकावर भरवसा ठेवायचा तर वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत हवेतले प्रमाण धोक्याच्या वर गेलेले असते.

आता रुमालाचे. ओला असो वा कोरडा, रुमाल थिनरची वाफ अडवत नाही आणि बारीक धुकेही अडवत नाही. करोनाच्या काळातला कापडी किंवा निळा मास्कही नाही. एन-९५ कण अडवतो, पण वाफ त्यातून सरळ आत येते. रंगारी लोकांत गूळ खाण्याची पद्धत आहे, काही जण दूध पितात. गूळ-पोळी जरूर खावी, पण गूळ पोटात जातो आणि धुके फुप्फुसात, दोघांची गाठ पडत नाही.

काळ्या रबराचा, दोन बाजूंना डबी असलेला कार्ट्रिजचा मास्क मिळतो. सेंद्रिय वाफेची डबी आणि तिच्यावर कणांची गाळणी, असा तो थिनरच्या वाफेसाठी उपयोगी आहे. पण दाढी असेल तर तो चेहऱ्याला चिकटून बसत नाही. डबी उघडी टांगून ठेवली की ती हवेतली वाफ ओढत राहते आणि संपते. थिनरसाठी डबी संपली हे वासावरून तरी कळते, आयसोसायनेटसाठी ते कळत नाही. म्हणून रोज पीयू मारणाऱ्याला बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क आणि हवा ओढून घेणारी बंदिस्त खोली, म्हणजे बूथ लागतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडाला लावणे हा त्याला पर्याय नव्हे. त्या हवेत तेलाचा अंश असतो.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. हार्डनर मिसळायचे क्लिअर घरी, बोळात, गच्चीवर मारू नये. घासणे, पुट्टी, अक्षरे, साधा रंग हे सगळे आपण करावे. टाकीला पेट्रोलपासून जपणारा थर हवाच असेल तर तेवढ्या कामासाठी ती बूथ असलेल्या गॅरेजमध्ये द्यावी. तीन-चार पोरांनी मिळून टाक्या एकदम नेल्या तर भावही करता येतो. मडगार्ड, साइड पॅनल अशा जिथे पेट्रोल सांडत नाही त्या भागांना एकाच डब्यातले, हार्डनर नसलेले क्लिअर चालते. ते थोडे कमी टिकते, एवढेच.

घेताना डबा नीट पाहावा. काही स्प्रे डब्यांच्या बुडाला खटका असतो, तो दाबला की आतले हार्डनर मिसळते. तो डबा हातात मावत असला तरी पीयूच आहे. डब्यावर ‘आयसोसायनेट’ किंवा ‘टू-के’ लिहिलेले दिसले की परत ठेवावा.

हार्डनर नसले तरी थिनर असतेच, आणि थिनरचा खरा धोका आगीचा आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत जाते, उंबरा ओलांडते, शेजाऱ्याच्या शेगडीपर्यंत पोहोचते. आपल्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती असते. संध्याकाळच्या वंदनेची वेळ आणि पोरांची फवारायची वेळ बहुधा एकच, ऊन उतरल्यावरची. आम्हाला यातच सर्वांत जास्त भीती वाटते. बिडी, शेगडी, दिव्याचे बटण, साध्या पंख्याची मोटर, ठिणगी कुठूनही मिळते. म्हणून खोलीत पंखा लावून फवारणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. आणि पेट्रोलची टाकी रिकामी केली म्हणून ती निर्धोक होत नाही. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. टाकी काढून, पेट्रोल घराबाहेर काढून, झाकण व तोटी बंद करून मगच कामाला घ्यावी.

जागा मोकळ्या मैदानाची बघावी, वस्तीच्या वाऱ्याखालची. वारा आपल्या पाठीकडून किंवा बाजूने यावा, तोंडावर नको. गल्लीत पाण्याची पिंपे उघडी असतात, कपडे वाळत असतात, कोणाची बाळंतीण ओट्यावर बसलेली असते, कोणा म्हाताऱ्याला आधीच दमा असतो. त्यांनी काही आपली टाकी चमकवायला सांगितलेले नाही. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्याला गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि तोंडाला वर सांगितलेला कार्ट्रिजचा मास्क घालावा. पातळ थर द्यावेत, मध्ये डब्यावर लिहिले तेवढे थांबावे. फवारणे थांबवल्यावर लगेच मास्क काढू नये, दूर जाऊन काढावा. डबा उन्हात किंवा गाडीच्या सीटवर ठेवू नये, एप्रिलच्या उन्हात तो फुटू शकतो.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात. धूळ बसू नये म्हणून ओली टाकी रात्री घरात आणतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपलेली आणि कोपऱ्यात टाकी वाफ सोडत असते. ती बाहेरच पत्र्याखाली, वारा लागेल अशी ठेवावी. अंगावरचे कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. हात थिनरने नव्हे, साबणाने धुवावेत. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. उरलेले थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतू नये. उन्हाळ्यात मूल तहानेने ती बाटली तोंडाला लावते. असे झालेच तर उलटी करवू नये, कारण वर येताना थिनर फुप्फुसात जाते. मूल आणि बाटली दोन्ही घेऊन सरकारी दवाखान्यात पळावे.

ज्यांची मुले गॅरेजमध्ये पीयूचे काम शिकत आहेत, त्यांच्या आयांना आणि बायकांना एक विनंती. रात्रीचा खोकला, शिट्टीसारखा श्वास, छाती आवळणे यांवर लक्ष ठेवा. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की पुन्हा सुरू होते, असे दिसले तर खोकल्याच्या बाटलीवर वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीच्या विभागात जा, हार्डनरच्या डब्याचा फोटो सोबत न्या आणि “हा गाड्यांना पीयू मारतो” हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. फुंकून घ्यायची तपासणी असते, ती करून मागा. ई.एस.आय.चे कार्ड असेल तर तेही दाखवा. दमा यातूनच आहे असे ठरले तर फवारणी सोडावी लागते. मास्क बदलून भागत नाही, हे आम्ही शेजारच्या घरात पाहिले आहे.

तो मुलगा यंदाही कामाला लागला आहे. ब्रशने अक्षरे काढतो, आणि हात चांगला असल्यामुळे बाजूच्या दोन वस्त्यांतूनही त्याला बोलावणी येतात. क्लिअरचे विचारले की तो गॅरेजचा पत्ता देतो.