‘सिंगल माल्ट’मधला ‘सिंगल’

‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की, असा अनेकांचा समज असतो. ‘सिंगल’ हा शब्द पिंपाला नव्हे, डिस्टिलरीला (ऊर्ध्वपातनाचा कारखाना) लागू होतो. ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. एकाच डिस्टिलरीतल्या अनेक पिंपांची व्हिस्की एकत्र केली, तरी ती ‘सिंगल’च: एका घरच्या लोणच्याच्या चार बरण्या एकत्र केल्या, तरी लोणचे त्याच घरचे.

एकाच डिस्टिलरीत पिंपाने काय फरक पडतो हे पाहायला उत्तर आयर्लंडमधल्या बुशमिल्स डिस्टिलरीच्या १०, १६ आणि २१ वर्षांच्या सिंगल माल्ट व्हिस्की शेजारी ठेवून चाखाव्यात. तिन्ही तीनदा ऊर्ध्वपातन केलेल्या, तिन्ही बर्बन व्हिस्की आणि शेरी वाइनच्या पिंपांत मुरलेल्या. पण १६ वर्षांची शेवटी पोर्ट वाइनच्या पिंपांत जाते, २१ वर्षांची मदेरा वाइनच्या (मदेरा हे पोर्तुगीज बेट, आपल्या ‘मदिरे’शी नाते नाही). म्हणजे चवीतला फरक निव्वळ वयाचा नाही, लाकडाचाही आहे. बाटलीवरचा आकडा मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो. बाटलीत भरल्यावर ते वाढत नाही.