दुय्यम हक्क : छापील पुस्तकापलीकडचा व्यवहार
पुस्तकाचा व्यवहार : लेखांक ७

मजकूर पुस्तकरूपात छापून विकणे हा मूळ हक्क. त्याच मजकुराचे भाषांतर, नाट्यरूपांतर, चित्रपट, वेबमालिका, ऑडिओ बुक, दिवाळी अंकात किंवा साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्धी, पाठ्यपुस्तकात उतारा, या साऱ्यांचे हक्क दुय्यम मानले जातात. नाव दुय्यम असले, तरी चित्रपटाच्या एका करारातून येणारी रक्कम कित्येक आवृत्त्यांच्या रॉयल्टीवर मात करू शकते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये आली. तिच्यावरून ‘गमभन’ हे नाटक झाले, २००८ मध्ये ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट आला, आणि नंतरच्या मराठी ‘शाळा’ चित्रपटाला ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. शिवाय इंग्रजी भाषांतर. कथा एकच, पण माध्यम बदलले की हक्क वेगळा आणि भाषा बदलली तरी वेगळा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे हक्क सुटेसुटे देता येतात. देण्याचे मार्ग दोन. हस्तांतरात सातबाऱ्यावरचे नावच बदलते; परवान्यात जमीन खंडाने दिली जाते, मालकी हलत नाही. दोन्हींना कलम १९ चे नियम लागू आहेत. करार लेखी आणि सहीचा हवा. पुस्तक कोणते, हक्क कोणता, मुदत किती, प्रदेश कोणता, मोबदला काय, हे त्यात असावे लागते. मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश राहिला तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपुष्टात येतो. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर तेच चालते, आणि ते बहुधा लिहिलेले असतेच. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली : कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेले किंवा व्यापारी वापरात नसलेले माध्यम स्पष्ट उल्लेखाशिवाय करारात येत नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत ‘सर्व हक्क लेखकाधीन’ अशी ओळ असते. तिच्यावर विसंबून अनेक लेखक निर्धास्त राहतात. ती ओळ म्हणजे करार नव्हे. सही केलेल्या कागदात ‘सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क’ प्रकाशकाला दिलेले असतील, तर छापील ओळीच्या आधाराने ते परत मिळत नाहीत. प्रकाशकाने हे हक्क मागण्यात गैर काही नाही. विकण्याची खटपट तो करणार असेल तर त्याला वाटा मिळावाच. इंग्रजी प्रकाशनविश्वात भाषांतराच्या उत्पन्नाची विभागणी निम्मे-निम्मेपासून लेखकाला ऐंशी टक्क्यांपर्यंत आढळते. पण जो प्रकाशक परभाषेतल्या कोणाला साधे पत्रही लिहिणार नाही, त्याच्याकडे हे हक्क ठेवणे म्हणजे ते कुलुपात घालणे.

चित्रपटाचा हक्क सहसा एका दमात विकला जात नाही. आधी ‘ऑप्शन’ होते. समजा, हक्काची किंमत पाच लाख ठरली आणि निर्मात्याने पन्नास हजार देऊन अठरा महिने मागितले. त्या काळात लेखकाला दुसऱ्या कोणाशी सौदा करता येत नाही. निर्मात्याचे पैसे उभे राहिले तर पुढचा करार होतो; नाही राहिले तर मुदत संपताच हक्क मोकळा आणि पन्नास हजार लेखकाचे. ते पन्नास हजार पाच लाखांतून वजा व्हायचे की वरचे, मुदतवाढीला पुन्हा पैसे लागतील का, वेबमालिका आणि दुसऱ्या भाषेतला रिमेक यात धरले आहेत का, हे तीन प्रश्न सहीआधी सोडवावेत. नंतर ते वकिलाकडेच सुटतात. हक्क विकल्यावरही कलम ५७ खाली कृतीवर आपले नाव लावून घेण्याचा आणि तिची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

भाषांतराचा हक्क विकायचा तर परभाषी संपादकाला मराठी वाचता येत नाही, हे धरून चालावे लागते. दोन पानी इंग्रजी सारांश, चांगल्या अनुवादकाकडून करून घेतलेली वीस-पंचवीस पाने, आवृत्त्यांची संख्या, पुरस्कार आणि परीक्षणांतील निवडक मजकूर एवढे हाताशी हवे. नमुन्याची पाने फुकट उरकून घेण्याची काटकसर महागात पडते, कारण संपादक पुस्तक त्या पानांवरूनच तोलतो. फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा मुख्यतः अशाच सौद्यांसाठी भरतो; दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्यात नॅशनल बुक ट्रस्ट त्यासाठी ‘राइट्स टेबल’ मांडतो. तयार झालेल्या अनुवादात अनुवादकाचाही कॉपीराइट असतो. हिंदी अनुवादाच्या मजकुरावरून नाटक करायचे, तर परवानगी दोघांची लागते.

हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजलेली. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली. मात्र तिच्यावरच्या १९५३ च्या चित्रपटासाठी आचार्य अत्रे यांनी केलेल्या लेखनाचा हिशेब निराळा. अत्रे १९६९ मध्ये गेले. त्या लेखनाची मुदत २०२९ अखेरीस संपेल.