पापण्या असलेल्या मोटारी

जुन्या अमेरिकन गाड्यांवर गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास ठोकून देतो, की झाकलेले हेडलाइट आणले ते 1963 च्या कॉर्व्हेट स्टिंग रेने. असं म्हणणारा बहुधा त्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावूनच मोठा झालेला असतो, त्यामुळे त्याला दुखवायचं म्हणजे त्याच्या कॉलेजच्या दिवसांना हात घालायचा. मी घालतो. दुसरा पंथ आहे वाऱ्याचा. दिवे झाकले ते हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून, हे या मंडळींचं पालुपद. रात्री तेच दिवे उघडले की वाऱ्यापुढे दोन पत्रे आडवे येतात, तेव्हा हा हिशेब कुठे जातो, असं विचारलं की विषय बदलतो. तिसऱ्या पंथाचं म्हणणं, सरकारने बंदी घातली आणि हा प्रकार संपला. त्यांचा समाचार शेवटी घेतो.

माझं मत मी या ना त्या निमित्ताने बरीच वर्षं मांडत आलोय. दिवे झाकण्याचा वाऱ्याशी संबंध नावापुरता, खरा संबंध चेहऱ्याशी. आणि या सगळ्या खटाटोपात पूर्ण जमलेलं काम पहिलंच होतं, आणि तेही हाताने फिरवायचं.

तर कॉर्ड 810. एरेट लॉबन कॉर्ड या गृहस्थाच्या पंखाखाली त्या काळी ऑबर्न, ड्यूझेनबर्ग, लायकोमिंगची इंजिनं आणि स्टिन्सनची विमानं असा सगळा पसारा होता. गॉर्डन ब्यूरिग हा त्यांचा तरुण डिझायनर. आधी 'छोटी ड्यूझेनबर्ग' म्हणून सुरू झालेलं त्याचं काम वळणं घेत घेत 1936 च्या कॉर्डवर येऊन थांबलं. इंजिन व्ही-8, ताकद 125 अश्वशक्ती, आणि ओढ पुढच्या चाकांना. मागे जाणारा लांब शाफ्टच नाही, म्हणून फरशी खाली बसली. फरशी खाली आली, म्हणून चढायला फूटबोर्ड लागेना. मग ब्यूरिगने एकेक गोष्ट काढायला किंवा लपवायला घेतली. फूटबोर्ड गेला. दारांच्या बिजागऱ्या आत गेल्या. पेट्रोलच्या टाकीचं तोंड झाकणाखाली गेलं. उभ्या जाळीच्या जागी नाकाभोवती आडव्या पट्ट्या आल्या. राहता राहिले दिवे. त्या काळात हेडलाइट म्हणजे मडगार्डांच्या मध्ये किंवा वर बसवलेली दोन मोठाली भांडी. इतक्या नितळ, फुगीर मडगार्डावर ती ठेवली असती तर ते चामखिळीसारखं दिसलं असतं.

उपाय घरातच होता. स्टिन्सनच्या विमानांना उतरताना लावायचे दिवे असत, त्यांच्यावरून कॉर्डचे दिवे बेतले आणि मडगार्डात पुरले. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं. डावं फिरवलं की डावा दिवा वर, उजवं फिरवलं की उजवा. गाडीत एकटाच माणूस असेल तर अंधार पडू लागताच त्याला पार पलीकडे हात लांबवावा लागे, नाहीतर आधीच थांबावं लागे. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला कामाला लावायचं. एका मेळाव्यात एका सज्जन मालकाने मला ते हँडल फिरवू दिलं होतं. हाताला जाणवतं ते वजन. दिवा कुठवर आला हे डोळ्यांनी बघावं लागत नाही.

ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 1935 च्या नोव्हेंबरमध्ये मांडली, तेव्हा तिचा गिअरबॉक्स तयार नव्हता. गाड्या गिअरबॉक्सविनाच उभ्या केल्या होत्या, आणि लोक त्या बघायला एकमेकांच्या अंगावर चढत होते. ज्यांनी पैसे भरले त्यांना नाताळपर्यंत गाडी मिळाली नाही, म्हणून कंपनीने संगमरवरी बैठकीवर बसवलेली कॉर्डची ब्राँझची छोटी प्रतिकृती पाठवली. तरी गिऱ्हाईक बिथरलं ते बिथरलंच.

आता यातली गंमत बघा. गाड्या मिळू लागल्यावर तक्रारी कशाच्या आल्या? गिअरच्या. कॉर्डचा गिअर हाताने पडत नसे. स्टिअरिंगजवळच्या बोटभर दांडीने आधी गिअर निवडायचा, मग क्लच दाबला की विजेच्या आणि इंजिनच्या व्हॅक्यूमच्या जोरावर तो बदलायचा. गिअर सुटायचे, इंजिन तापायचं, गिऱ्हाईक परत यायचं. दिव्यांची हँडलं मात्र मुकाट्याने काम करत राहिली. पुढे तीस वर्षांनी डेट्रॉइटने हाच व्हॅक्यूम दिव्यांना लावला, तेव्हा कॉर्डचा गिअरबॉक्स कुणालाच आठवला नाही.

1937 साली कॉर्डचा कारखाना बंद पडला. बॉडीचे साचे हपमोबाइल आणि ग्रॅहम या दोन डुगडुगत्या कंपन्यांच्या हाती गेले. त्याच साच्यांतून त्यांच्या स्कायलार्क आणि हॉलिवूड निघाल्या. छप्पर तेच, दारं तीच, पण पुढचा भाग तोकडा केलेला आणि दिवे मडगार्डावर उघडे. यातल्या कुठल्याही गाडीचा फोटो कॉर्डच्या शेजारी ठेवून बघावा. वारा, वेग, बंदी यातलं काहीही न बोलता मुद्दा सिद्ध होतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 मध्ये निवडक मोटारींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा कॉर्डला बोलावलं, स्कायलार्कला नाही. इंडियाना राज्यातल्या ऑबर्न गावात कंपनीच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथल्या शोरूमच्या फरशीवर कॉर्डसमोर मी इतका वेळ रेंगाळलो, की बरोबरचे लोक चहा पिऊन परत आले.

जनरल मोटर्सवाले इथे मध्येच हात वर करतात: ब्यूकची वाय-जॉब! हार्ली अर्लने 1938 मध्ये बनवलेली ती लांबलचक काळी गाडी, दिवे विजेवर झाकणारे. देखणी आहे, मान्य. पण ती एकच होती आणि अर्लसाहेब स्वतः तीत फिरत. जी गाडी पैसे टाकून मिळत नाही ती माझ्या हिशेबात दागिना, मोटार नव्हे. क्रायस्लरची 1941 ची थंडरबोल्टही त्याच खात्यात.

विकत मिळणारी दुसरी गाडी म्हणजे 1942 ची डीसोटो. डॅशबोर्डखालच्या दांड्याने दोन्ही झाकणं हलत. एकच दांडा, दोन दिवे. कॉर्डमधली पलीकडे वाकण्याची कसरत इथे संपली आणि कामही हातानेच राहिलं. माझ्या मते सामान्य माणसाच्या गाडीत ही गोष्ट जितकी साधी होऊ शकली असती तितकी डीसोटोने करून दाखवली होती. पण नशीब बघा. 1942 च्या फेब्रुवारीत युद्धापायी अमेरिकेतलं खाजगी मोटारींचं उत्पादन बंद झालं. युद्धानंतर डीसोटो परत आली ती उघड्या दिव्यांनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडायला घेतल्या त्या युद्धानंतरच्याच. तेव्हा मुंबईकरांनी डीसोटो पुष्कळ पाहिली, पण पापणी गळलेली.

डीसोटोच्या थोडं आधी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिच्याकडे वाऱ्याचा पंथ ढुंकून बघत नाही. 1940 च्या मॉडेलपासून अमेरिकेत सील्ड बीम आला. सात इंची, गोल, काचेत बंद, सगळ्या गाड्यांना सारखा. फुटला तर कुठल्याही गावात तोच मिळणार. वाहनचालकाच्या दृष्टीने ही चांगलीच सोय. पण डिझायनरच्या पाटीवर आता दोन वर्तुळं आधीच काढून ठेवलेली. बॉनेट कसंही वळवा, जाळी कशीही विणा, कॅडिलॅक असो की शेव्हरोले, डोळे तेच.

पन्नाशीच्या दशकावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. क्रोमचा पूर आला होता आणि लपवण्यापेक्षा मिरवण्याचे दिवस होते. दिव्यांना भुवया आल्या, कडी आली, 1958 पर्यंत दोनाचे चार झाले. अर्लच्या 1951 च्या ले सेबर या नमुन्यात मधल्या जेटसारख्या तोंडामागे दिवे फिरत असत. पुढे चला.

मग आली ती स्टिंग रे. बिल मिचेलची देखरेख, लॅरी शिनोडाचा हात. प्रत्येक बाजूला विजेची मोटर, दिव्यांची जोडी आडव्या आसावर गरकन फिरते आणि पाठीमागची रंगवलेली बाजू नाकाचा भाग होऊन जाते. काम अप्रतिम आहे, आणि कॉर्डनंतर पहिल्यांदाच गाडीचा आकारच दिवे लपवायला सांगतोय असं वाटतं. फक्त तिला 'पहिली' म्हणू नका एवढंच माझं मागणं. 1965 ची रिव्हिएरा मला जास्त आवडते. चारही दिवे मडगार्डांच्या टोकांत एकावर एक, समोर उभ्या जाळ्या, आणि त्या शिंपल्यासारख्या वर-खाली उघडतात. 1966 ची टोरोनॅडो तर उघड उघड कॉर्डची नात: पुढच्या चाकांची ओढ, चाकांवर गोल भोकं आणि बॉनेटच्या कडेला वर येणारे दिवे. त्याच वर्षीच्या डॉज चार्जरमध्ये दिवे उलटे फिरले की त्यांच्या पाठीवरची जाळी उरलेल्या जाळीत मिसळून जायची. 1968 च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या मस्टँगच्या मागे जी काळी चार्जर लागते, तिचा निम्मा खलनायकी धाक तिला डोळे नाहीत यातच आहे.

आणि इथेच घसरण सुरू झाली. 1967 ची मर्क्युरी कूगर, थंडरबर्ड, एल्डोराडो, पुढे कॅप्रिस, एलटीडी, जीटीओ. जिकडे तिकडे झाकणं, आणि बहुतेक ठिकाणी व्हॅक्यूम. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जी ओढ तयार होते, ती रबरी नळीने एका टाकीत साठवायची, वाटेत वन-वे व्हॉल्व्ह. दिव्याचं बटण ओढलं की ती ओढ डायफ्रॅमच्या एका बाजूला जाते, डायफ्रॅम दांडी खेचतो, झाकण उघडतं. कागदावर सुंदर, शिवाय स्वस्त, कारण ओढ फुकटची. पण रबर तडकतं. बॉनेटखालच्या उष्णतेत काही वर्षं काढलेल्या नळ्यांमध्ये गळती कुठे आहे हे शोधायला फिटरचा एक अख्खा दिवस जातो. मग एक झाकण उघडतं, दुसरं विचार करत बसतं. दुपारच्या झोपेतून उठवलेल्या आजोबांचा चेहरा आठवा, तशी ती कूगर रस्त्यावर बघते.

1967 च्या कॅमॅरो आरएसला विजेच्या मोटरा होत्या. 1968 मध्ये तिलाही व्हॅक्यूम लावला. 1969 मध्ये त्याच गाडीच्या झाकणांत काचेच्या फटी ठेवल्या, म्हणजे झाकण अडकलंच तर थोडा उजेड बाहेर पडावा. आपल्याच युक्तीवर कंपनीचा किती भरवसा होता ते यात दिसतं. सरकारचाही नव्हता. 1969 पासून झाकलेल्या दिव्यांसाठी अमेरिकेत वेगळा नियम आला: झाकण तीन सेकंदांत पूर्ण उघडलं पाहिजे, वीज किंवा व्हॅक्यूम गेला तरी उघडलेलं झाकण उघडंच राहिलं पाहिजे, आणि थंडीत-उन्हाळ्यातही चाललं पाहिजे.

सत्तरीतल्या लिंकन कॉन्टिनेंटल, मार्क फोर, मार्क फाइव्ह, मर्क्युरी मार्क्विस यांच्याबद्दल काय लिहावं? समोर देवळाच्या खांबांसारखी उभी जाळी, दोन्हीकडे सपाट झाकणं. वाऱ्याच्या पंथीयांनी या गाड्यांपुढे उभं राहून आपला सिद्धान्त पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघावा.

राहिला बंदीचा पंथ. अमेरिकेने झाकलेल्या दिव्यांवर बंदी घातलेली नाही. झालं ते उलटंच. 1983 मध्ये ठरावीक आकाराच्या सील्ड बीमची सक्ती सुटली. आत बल्ब बदलता येईल असा, हव्या त्या आकाराचा दिवा चालेल असं सरकारने म्हटलं, आणि 1984 ची लिंकन मार्क सेव्हन बॉडीच्या वळणाशी जुळवलेले दिवे घेऊन आली. लपवण्यासारखं काही उरलंच नाही. फायरबर्ड, फिएरो, रिॲटा यांनी हौस काही वर्षं टिकवली. युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांनी बॉनेटवर वर येणाऱ्या वस्तू अवघड करून ठेवल्या. 2004 मध्ये पाचव्या पिढीची कॉर्व्हेट संपली, आणि पुढच्या वर्षीची उघड्या डोळ्यांनी आली.

त्या मोकळिकीचं काय केलं ते रस्त्यावर दिसतंच. हजार रुपयांचा नव्हे, लाखभराचा एलईडीचा संच, बंपरला किरकोळ धक्का लागला की अख्खा बदला. आकार मात्र सगळ्यांचा एकच, कपाळाला आठ्या घातल्यासारख्या तिरक्या फटी, आणि दिवसाढवळ्याही त्या पेटलेल्याच.

हल्ली कूगरच्या व्हॅक्यूमच्या नळ्या उपटून विजेच्या मोटरा बसवायचे तयार संच मिळतात. मालक मंडळी प्रदर्शनात बटण दाबून कौतुकाने दाखवतात, दोन्ही झाकणं एका क्षणी, एका तालात उघडतात, लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. त्या गाडीचा एक डोळा मागे राहिलाच पाहिजे.