नगरचे पर्यटन आणि शोधनिबंधाची सोळा वर्षे

जुलै 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.ची नवी नियमावली आणली. प्रबंध सादर करण्याआधी परीक्षित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध छापून आला पाहिजे, अशी अट तीत होती. त्याच वर्षी रेल्वे साईनगर शिर्डीपर्यंत पोचली. नगर जिल्ह्यात भूगोल, वाणिज्य, अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांच्या वाट्याला लिहिण्याची सक्ती आणि लिहिण्याजोगा विषय असे दोन्ही एकदमच आले. पुढच्या वर्षी पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे 'एपीआय' गुण लागू झाले आणि स्टाफरूममध्ये पेपरचा विषय निघाला की गुणांचा हिशेबही निघू लागला.

विषयाला आपल्याकडे तोटा नव्हताच. शिर्डी, शनिशिंगणापूर, सिद्धटेक, नेवाशाचा पैस खांब. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. कर्जतकडे रेहेकुरीची काळविटे. शहरात भुईकोट किल्ला आणि रणगाड्यांचे संग्रहालय. शिवाय गाव कसे बदलले हे पाहायला लोक येतात ती राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार. तरीही त्या काळातल्या बहुतेक निबंधांचा साचा एकच होता. आरंभी जिल्ह्याचे क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके, अक्षांश-रेखांश. मग उद्दिष्टे, दुय्यम आकडेवारीचे तक्ते, एक नकाशा. शेवटी निष्कर्ष, की पर्यटनाला भरपूर वाव आहे आणि शासनाने रस्ते, स्वच्छतागृहे द्यावीत. माहिती खरी असे, कष्टही खरे असत. पण निबंधात प्रश्नच नसे. जे वाचण्याआधीच ठाऊक होते तेच वाचून झाल्यावर हाती उरे.

याचा दोष माणसांच्या कुवतीला देणे मला अन्यायाचे वाटते. तालुक्याच्या गावी 'ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च' कोणाला पाहायला मिळत होते? जफर जाफरी यांनी 1973 मध्ये सुरू केलेले हे जर्नल या विषयातले अग्रगण्य. पण त्याची वर्गणी भरणे ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे. 'एन-लिस्ट' या ई-जर्नलांच्या योजनेमुळे पुढे थोडेफार वाचायला मिळू लागले. तोवर मात्र काही हजार रुपये घेऊन आठवड्याभरात निबंध छापणाऱ्यांनी बाजार मांडला होता. चर्चासत्राचा विशेषांक, त्यावर आयएसएसएन क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. परीक्षण कोणी केले, हे विचारायची सोय नव्हती.

जानेवारी 2017 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. मे 2018 मध्ये तिच्यातली 4,305 नावे वगळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नले त्यांनी तपासली, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरत नव्हती. 2019 मध्ये 'यूजीसी-केअर'ची यादी आली. तिचे काम चाले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून, म्हणजे नगरची महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत तिथूनच. वाङ्मयचौर्याविरुद्धची 2018 ची नियमावली आणि मजकूर पडताळणारे सॉफ्टवेअर हेही याच सुमारास आले. दहा टक्क्यांपुढचे साम्य दंडपात्र ठरले आणि एकमेकांच्या निबंधांतून उतरवलेल्या जिल्हा-परिचयाच्या प्रस्तावना अडकू लागल्या. त्या गेल्या हे फार बरे झाले.

या सगळ्या धामधुमीत खरे काम कुठे होत होते, हे शिर्डीवरून पाहता येते. पर्यटनाच्या अभ्यासात भूगोलज्ञ बटलर यांचे जीवनचक्र फार वापरले जाते. 1980 मध्ये 'कॅनेडियन जिऑग्राफर'मध्ये त्यांनी मांडले, की पर्यटनस्थळ शोधले जाते, वाढते, स्थिरावते, मग साचते. पुढे ते घसरते किंवा नव्याने उभारी धरते. आपल्याकडे कित्येक निबंधांत ही आकृती जशीच्या तशी शिर्डीवर बसवली गेली. मला ती तिथे बसत नाही असे वाटते. समुद्रकिनारा लोकांना जुना होतो, साईबाबांची समाधी होत नाही. साचते ते गावाचे पाणी, गटार, वाहतूक. किरण शिंदे आणि अँड्रिया पिंकनी यांचा शिर्डीवरचा निबंध 2013 मध्ये 'साउथ एशिया' या जर्नलमध्ये आला. त्याचे बळ हे, की गुरुभक्ती आणि शहराची वाढ यांना त्यांनी वेगळे न काढता एकत्र पाहिले. पुढे 1 ऑक्टोबर 2017 ला विमानतळ, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा, फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईहून वंदे भारत. भाविक आता सकाळी येऊन रात्री घरी जाऊ शकतो. मग पूर्वी मनमाड-कोपरगावला रेल्वेतून उतरणाऱ्या भाविकांवर ज्यांची पोटे होती, त्यांचे काय झाले? हा प्रश्न घेऊन कोणी लिहिले, तर ते मेक्सिकोतल्या किंवा पोर्तुगालमधल्या तीर्थक्षेत्राच्या अभ्यासकालाही वाचावेसे वाटेल.

जवळच्या माणसांविषयी लिहून परक्या वाचकापर्यंत पोचता येते, याचा मराठीतला दाखला जुना आहे. आळंदी ते पंढरपूर चालून इरावती कर्वे यांनी जो लेख लिहिला, तो इंग्रजीत 1962 मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. अकरा वर्षांनी मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रेचा सिद्धान्त मांडताना त्याचा आधार घेतला. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी तर नगर जिल्ह्यातूनच, राहुरी-कर्जतवरून जाते. तिच्याबरोबर चालून लिहायला कोणती यादी आड येते?

हस्तलिखित पाठवण्याचे तंत्र या वर्षांत आपल्याकडे हळूहळू रुजले. जर्नल आधी ठरवायचे, त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निबंध वाचायचे, मग लिहायला बसायचे. पूर्वी क्रम उलटा होता आणि तयार निबंधाला जर्नल शोधले जाई. परीक्षण नाव झाकून होते, म्हणून नावाचे पान वेगळे ठेवायचे. मजकुरात 'आमचे महाविद्यालय' किंवा ऋणनिर्देश राहिला, तर परीक्षकाला लेखक कळतो. फाइलच्या गुणधर्मांतही नाव लपलेले असते, तेही काढायचे. मुलाखती मराठीत घेतल्या असतील, तर इंग्रजी कोणी केले आणि दुसऱ्या कोणी तपासले का, हे लिहायचे. संमती कशी घेतली तेही. नीतिसमितीचे पत्र मागितले की कला-वाणिज्य महाविद्यालयांची पंचाईत होते, कारण अनेक ठिकाणी अशी समितीच नसते. ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आधीचे सारे लेखन अहमदनगर नावाखाली सापडते, तेव्हा कीवर्डमध्ये दोन्ही नावे द्यावीत.

सर्वांत अवघड असते परीक्षकांना उत्तर देणे. 'मेजर रिव्हिजन' आले की पुष्कळ जण निबंध गुंडाळून दुसरीकडे पाठवतात. वास्तविक ज्या संपादकाला निबंध नको असतो, तो बहुधा परीक्षकांकडे न पाठवताच परत करतो. दोन अनोळखी माणसांनी पाने वाचून शंका काढल्या, एवढे लक्ष आपल्या कामाकडे एरवी कोण देते! भंडारदराच का, असे परीक्षक विचारतो, तेव्हा धरणाची उंची सांगून भागत नाही. तिथे जे घडते ते दुसरीकडे दिसणार नाही, किंवा सगळीकडे घडते ते तिथे लख्ख दिसते, यांतले एक दाखवावे लागते. प्रत्येक शंकेला क्रमांक देऊन बदल कुठे केला ते लिहावे, आणि पटले नाही तर कारणासह तसे सांगावे.

नोव्हेंबर 2022 मध्ये पीएच.डी.साठीची शोधनिबंधाची अट निघाली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाली. जर्नलचा दर्जा तपासायची जबाबदारी आता संस्थांवर आहे. जुना बाजार नव्या नावाने भरेल, ही भीती खरी आहे. पण ज्याला लिहायचे आहे त्याला यादीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही, आणि विषय समोर आहे. मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा-सादड्याची झाडे काजव्यांनी लखलखतात आणि रात्रभर गाड्यांची रांग लागते. काजवे प्रकाशाच्या खुणेने जोडीदार शोधतात. हेडलाइटच्या झोतात त्या खुणेचे काय होते, आणि तंबू लावून चार पैसे मिळवणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना गाड्या थांबवायला सांगायचे तर कशाच्या बदल्यात, हे दोन्ही प्रश्न एकाच निबंधात मावतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. झाडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात असतील तर वनविभागाची परवानगी हवी, प्रश्नावली आधी चाचपून पाहायला हवी, आणि नीतिसमिती नसेल तर ती नेमून घ्यायला हवी. म्हणजे कामाला जानेवारीतच लागावे लागेल.